कंपनी करातील चढाओढ : कमी दर, करमाफी की उदार घसारा?

बहुराष्ट्रीय कंपन्यांची गुंतवणूक यावी म्हणून कंपनी करात सवलत द्यायची, इथपर्यंत बहुतेक सरकारांचे एकमत होते. अडते ते सवलत कोणत्या रूपात द्यायची यावर. सर्वांसाठी दर खाली आणणे, निवडक कंपन्यांना काही वर्षांची करमाफी देणे, किंवा दर मध्यम ठेवून करपात्र नफा मोजण्याचे नियम उदार करणे (उदाहरणार्थ यंत्रांचा घसारा, म्हणजे झिजेपोटी त्यांच्या किमतीचा भाग, नफ्यातून लवकर वजा करू देणे), हे तीन मार्ग समोर असतात. तिजोरीवर पडणारा भार, येणाऱ्या कंपन्यांचा प्रकार आणि पुढे माघार घेण्याची सोय या बाबतींत ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. शिवाय ऑक्टोबर 2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी 15 टक्के किमान कराला (बड्या समूहाने एखाद्या देशात याहून कमी कर भरला, तर फरक दुसरा देश वसूल करू शकतो) मान्यता दिल्यापासून त्यांचे गणितही बदलले आहे.

दर उतरवण्याची स्पर्धा जुनी आहे. अमेरिकेने 1986 च्या सुधारणेत 46 टक्क्यांचा दर 34 वर आणला आणि 2018 पासून तो 35 वरून 21 केला. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकाच्या आरंभी 52 टक्के असलेला दर 2017 मध्ये 19 पर्यंत उतरला. मात्र एप्रिल 2023 मध्ये त्याच ब्रिटनने मोठ्या कंपन्यांसाठी तो पुन्हा 25 वर नेला, म्हणजे ही वाट एकेरी नाही. हंगेरीने 2017 पासून 9 टक्के दर लावून युरोपीय संघात तळ गाठला.

कमी दराच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष आयर्लंडची आहे. व्यावसायिक नफ्यावर 2003 पासून 12.5 टक्के असा सरसकट, वर्षानुवर्षे न बदलणारा दर त्या देशाने ठेवला आणि युरोपीय बाजारपेठ, इंग्रजी भाषा व शिकलेला कामगारवर्ग यांच्या जोडीने औषधनिर्मिती आणि तंत्रज्ञान क्षेत्रांतील बड्या अमेरिकी कंपन्या तेथे स्थिरावल्या. कंपनी कराचे उत्पन्न 2015 मध्ये सुमारे 6.9 अब्ज युरो होते, ते 2023 मध्ये 23.8 अब्जांवर गेले. पण या यशाचा पाया अरुंद आहे, कारण त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या दहा समूहांकडून येते. 2015 मध्ये काही कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवताच देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि हा आकडा वास्तवाशी इतका विसंगत होता की सांख्यिकी कार्यालयाला राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे, सुधारित मोजमाप तयार करावे लागले. ॲपल प्रकरण याहून बोलके आहे. युरोपीय आयोगाने 2016 मध्ये आयर्लंडला 13 अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश दिला. आयोगाच्या मते एका उपकंपनीचा प्रभावी कर, म्हणजे नफ्याच्या प्रमाणात प्रत्यक्ष भरलेला कर, 2014 मध्ये 0.005 टक्क्यांवर आला होता, कारण नफ्याचा मोठा भाग अशा ‘मुख्यालया’च्या नावे दाखवला जात होता ज्याला ना कर्मचारी होते ना जागा. आयर्लंड सरकार हे पैसे नकोत म्हणून कंपनीच्या बाजूने न्यायालयात लढले आणि सप्टेंबर 2024 मध्ये हरले. करस्पर्धेत उतरलेल्या देशाला स्वतःच्या तिजोरीविरुद्ध वकील उभे करावे लागतात, हे यातून दिसते.

हा मार्ग लहान देशालाच का परवडतो, याचे उत्तर सोपे आहे. दर सर्वांसाठी कमी केला की आधीपासून कर भरणाऱ्या कंपन्यांनाही तो लाभ मिळतो, मग त्यांनी एक रुपयाची नवी गुंतवणूक केलेली नसली तरी. लहान देशात असा जुना करदाता थोडा असतो, त्यामुळे बाहेरून येणारा नफा ती तूट सहज भरून काढतो. मोठ्या बाजारपेठेच्या देशात मात्र तूट प्रचंड असते आणि ग्राहक तेथेच असल्याने कंपन्या तशाही येणार असतात. भारताने सप्टेंबर 2019 मध्ये 22 टक्क्यांचा मूळ दर देताना त्या बदल्यात बहुतेक जुन्या सवलती सोडण्याची अट घातली, ती याच कारणाने शहाणपणाची होती.

करमाफीचे आकर्षण असे की ती फक्त नव्या प्रकल्पाला मिळते आणि म्हणून स्वस्त वाटते. प्रत्यक्षात तिचा सर्वाधिक फायदा अशा उद्योगाला होतो जो पहिल्या वर्षापासून भरपूर नफा कमावतो आणि सहज हलू शकतो. ज्याचा कारखाना उभा राहायलाच पाच वर्षे लागतात त्याला सुरुवातीच्या तोट्याच्या काळातील करमाफीचा उपयोग नसतो. मुदत संपली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या अखत्यारीतील प्वेर्तो रिको हे बेट आहे. अमेरिकी करकायद्याच्या 936 व्या कलमामुळे 1976 पासून तेथे औषध कंपन्यांची रांग लागली; 1996 मध्ये सवलत दहा वर्षांत संपवायचे ठरले, 2006 मध्ये ती संपली आणि त्याच वर्षापासून बेटाची अर्थव्यवस्था दीर्घ मंदीत गेली. मंदीची इतर कारणेही होती, पण हे प्रमुखांपैकी एक.

किमान कराने तर करमाफीचा उरलासुरला तर्कही कमकुवत केला आहे. हा नियम 75 कोटी युरो किंवा अधिक वार्षिक उलाढालीच्या समूहांना लागू होतो. समजा, अशा समूहाच्या एका उपकंपनीचा नफा 100 कोटी, पगारखर्च 40 कोटी आणि यंत्रे व इमारती 100 कोटींच्या आहेत. संक्रमणकाळ संपल्यावर पगाराचे व मालमत्तेचे 5 टक्के, म्हणजे 2 आणि 5 मिळून 7 कोटी, वगळले जातात आणि उरलेल्या 93 कोटींवर 15 टक्के मोजले जातात. यजमान देशाने पूर्ण करमाफी दिली असेल, तर 13.95 कोटींचा पूरक कर मूळ कंपनीचा देश वसूल करतो. कंपनीचे ओझे तेवढेच राहते आणि सोडलेला पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत पडतो. हा पूरक कर स्वतःच घेण्याची मुभा यजमानाला आहे. व्हिएतनामने 2024 पासून ती वापरली. जी-7 देशांच्या जून 2025 मधील समझोत्यानुसार अमेरिकी समूहांना इतर देशांच्या पूरक करातून बाहेर ठेवायचे ठरले असले, तरी यजमानाचा स्वतःचा किमान कर त्यांनाही लागू राहतो, आणि अमेरिकेचा परदेशी नफ्यावरील वेगळा कर आहेच.

तिसरा मार्ग कमी झगमगीत आहे, पण मला तोच सर्वांत टिकाऊ वाटतो. यंत्रांवर वेगवान घसारा दिला तर कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. किमान कराच्या हिशेबात पुढे ढकललेला करही 15 टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत धरला जात असल्याने ही सवलत सहसा कापली जात नाही. शिवाय ती मिळवायला प्रत्यक्ष यंत्र विकत घ्यावे लागते, नुसते पेटंट हलवून भागत नाही. संशोधनासाठीच्या करसवलतीतही असाच बारीक फरक आहे. नफा 100 आणि कर 20 असताना 10 ची सवलत थेट करातून वजा केली, तर प्रभावी दर 10 टक्के दिसतो आणि पूरक कर लागू शकतो. तीच सवलत, कर नसला तरी चार वर्षांच्या आत रोख मिळणारी असेल, तर ती उत्पन्न मानली जाते, दर 20 भागिले 110 म्हणजे सुमारे 18.2 टक्के निघतो आणि पूरक कर लागत नाही. अर्थात रोख द्यायला तिजोरीत पैसा हवा, आणि हे श्रीमंत देशांनाच सोयीचे पडते, ही तक्रार खरी आहे.

एस्टोनियाचे प्रारूप या चौकटीत नीट बसत नाही. तेथे 2000 पासून न वाटलेल्या नफ्यावर कर नाही, लाभांश वाटताना तो लागतो आणि 2025 पासून त्याचा दर 22 टक्के आहे. स्थानिक, वाढत्या कंपन्यांसाठी ही रचना उत्तम आहे. पण बड्या समूहांच्या बाबतीत नफा चार वर्षे वाटला नाही, तर किमान कराच्या हिशेबात प्रश्न उभे राहतात.

म्हणून निवड देशाच्या स्थितीवर सोडावी लागते. लहान, खुल्या आणि नियम पाळण्याची ख्याती असलेल्या देशाने 15 टक्क्यांच्या आसपासचा सरसकट दर ठेवावा आणि अनपेक्षित महसूल नियमित खर्चात न घालता, आयर्लंडने 2024 मध्ये केले तसा, वेगळ्या निधीत टाकावा. मोठ्या बाजारपेठेच्या देशाने दराच्या मागे न लागता घसाऱ्याचा मार्ग धरावा. ज्या देशाने आधीच करमाफी वाटली आहे, त्याने प्रथम जुने करारनामे उघडून पाहावेत. खाणकाम व ऊर्जा क्षेत्रांतील अनेक करारांत ‘पुढील कायदे या प्रकल्पाला लागू होणार नाहीत’ अशा अर्थाचे स्थिरता-कलम असते. ते कलम तसेच राहिले, तर संसदेने स्वतःचा किमान कर मंजूर करूनही नेमक्या त्याच कंपन्या त्यातून सुटू शकतात, आणि ते बदलायला वाटाघाटींशिवाय दुसरा उपाय नाही.