रबरी पॅडल टेल मासे, मामा तलावातल्या मरळीवर वापरून पाह्यले

दिवाळीनंतर गळाला आमिष म्हणून लावायच्या, वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेल्या या रबरी माशांचं ३ इंची १० नगांचं पाकीट ऑनलाइन मागवलं, वरती वॉलाय माशाचं चित्र, तो अमेरिका-कॅनडातल्या थंड पाण्यातला, जास्त करून तळाशी राहणारा, म्हणून सोबत जिग हेड, म्हणजे वजनदार डोक्याचे गळ, पण होते. पण आपल्या भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात जिग हेड टाकला का सरळ शेवाळात जाऊन फसते, पहिल्याच सकाळी दोन नग गेले, लय जीव जळला. मंग ऑफसेट हुक, म्हणजे मानेपाशी वाकवलेला गळ लावला, टोक रबराच्या अंगातच दाबून ठेवायचं, कमळाच्या पानांवरून ओढत आणला तरी अडकत नाही आन मरळीनं धरला का रबर दबून टोक बाहेर येते. हे जमलं तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू!

गढूळ पाण्यात काळा नाहीतर भडक पोपटी, पाणी निवळलं का साधा चंदेरी. मासा नाही लागला तर मी रंगाच्या आधी चाल बदलतो, ओढा, थांबा, शेपटी हलू द्या. मरळ हवा घ्यायला वर येते, तिथून थोडं पुढं फेकायचं. फक्त लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथं गळ टाकू नका भाऊ, मोठी मरळ राखण करत असते.

तक्रार एकच, चार नगांच्या शेपट्या पाकिटातच वाकल्या होत्या, असा नग गिरकी खाते आन दोरीला पीळ पडते. गरम पाण्यात बुडवून सरळ केल्या, लगेच थंड पाण्यात टाकल्या, झालं काम. ५ पैकी ४ स्टार, पुढच्या वेळी पोपटीच जास्त मागवीन.