उपवासकाळात घरी काय वाचावं: ख्रिस्तपुराण, ख्रिस्तायन की स्मृतिचित्रे?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत अजून अशी घरं आहेत जिथे संध्याकाळची प्रार्थना सगळे मिळून करतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की या घरांत एक विचार हमखास निघतो: जपमाळ किंवा गीत झाल्यावर पंधरा मिनिटं एखादं पुस्तक मोठ्याने वाचायचं. बायबल असतंच. त्याच्या जोडीला मराठीत काय आणावं, असं विचारलं की फिरून फिरून तीनच नावं पुढे येतात. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं पद्यातलं ख्रिस्तायन, आणि लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे. तिन्हींची ओळख तुम्हाला आहे असं धरतो. मुद्दा एवढाच आहे की घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने वाचायचं ठरवलं तर भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत यातलं कोणतं टिकेल.

आधी हिशेब. रविवार धरले तर हे दिवस ४६ होतात. ख्रिस्तपुराणात सुमारे ११,००० ओव्या आहेत. सगळं पुराण या काळात संपवायचं म्हटलं तर रोज २४० च्या आसपास ओव्या येतात. साध्या सुरात एक ओवी वाचायला पंधरा सेकंद लागतात, चालीवर म्हटली तर वीस-पंचवीस. म्हणजे रोजचा तासभर तर झालाच, आणि यात अर्थ सांगायचा वेळ धरलेला नाही. संपूर्ण पुराण लावण्याचा बेत बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यातच मोडतो तो यामुळे. भक्ती कमी पडली असं समजून वाईट वाटून घेऊ नये.

दुसरी अडचण पुस्तकाच्या रचनेत आहे. पहिलं पुराण जुन्या कराराचं आहे आणि त्यात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत. ख्रिस्तजन्म येतो तो ५९ अवस्वरूंच्या दुसऱ्या पुराणात. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, आला तरी घरातलं वाचन मोशे-दाविदांच्या काळातच असतं. म्हणून पुराण घ्यायचंच असेल तर थेट दुसरं पुराण उघडावं. एका अवस्वरूत सरासरी ११५ ओव्या पडतात, म्हणजे नुसतं वाचायला अर्धा तास. रोज एक घेतला तरी तेराएक गाळावे लागतात. कोणते गाळायचे ते आधी पेन्सिलीने खूण करून ठरवावं, कारण ऐन वेळी पानं चाळत बसलं की पोरं उठून जातात.

इतकं सगळं सांभाळता येतं. माझ्यापुरता निकाल लावला तो मात्र वेगळ्या एका त्रासाने, आणि त्यावर जरा सविस्तर बोलायला हवं.

ख्रिस्तपुराण मोठ्याने वाचलं की घरात एक माणूस शिक्षक होतो. भाषा सतराव्या शतकातली आहे. ‘हरळांमाजी रत्नकिळा’ हे शब्द शाळेपासून पाठ असणाऱ्यांनाही हरळ म्हणजे खडा आणि किळा म्हणजे तेज हे विचारल्यावर सांगता येईलच असं नाही. ही तर सगळ्यांत ओळखीची ओवी. अनोळखी ओव्यांत दर दोन-तीन ओव्यांमागे एखादा शब्द अडतो. मग ज्याला येतं तो थांबवतो आणि अर्थ सांगतो. स्वर्गाला वैकुंठ का म्हटलंय, असं मूल विचारतं तेव्हा त्याचंही उत्तर द्यावं लागतं. आणि ते द्यायलाच हवं, कारण प्रश्न चांगला आहे: ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दांतून नवी गोष्ट सांगायची ही स्टीफन्स यांची रीतच होती. पण असं रोज होत गेलं की वाचन एकाचं, अर्थ एकाचा, आणि बाकीचे ऐकून घेणारे. आजीला चष्म्यातून ती अक्षरं लागत नाहीत, सातवीतल्या मुलाची पाळी आली की तो अडखळतो, कोणीतरी दुरुस्त करतं आणि दुसऱ्या दिवशी तो पुस्तक हातात घ्यायचं टाळतो. प्रार्थनेची पंधरा मिनिटं वर्गाची होतात. पुराणात उणं आहे म्हणून हे होत नाही. ओवी चुकवायची नाही आणि अर्थही सोडायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायला जाण्यातून होतं.

या बाबतीत प्रदेशाचाही थोडा फरक पडतो. स्टीफन्स यांच्या मराठीत कोकणीचे शब्द मिसळलेले आहेत. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे ज्या घरांत कोकणी किंवा मालवणी बोलतात, तिथे काही शब्द आपसूक उलगडतात. वसईत सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या घरांत तेवढी सोय नाही. तेव्हा दक्षिणेकडच्या वाचकाने माझं मत थोडं सैल धरावं.

आवृत्तीची निवडही इथे कामाची. पुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्यानंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं, पण त्या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज हाती नाही. आपल्यापर्यंत आलं ते हस्तलिखितांतून. मंगळूरची १९०७ ची आवृत्ती रोमन लिपीत आहे. चर्चची पुस्तकं रोमन कोकणीत वाचणाऱ्याला ती उलट सोपी जाते, फक्त x म्हणजे श आणि जोडून आलेलं nn म्हणजे ण हे ध्यानात ठेवायचं. देवनागरीत शांताराम बंडेलू यांची १९५६ ची, कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची आणि फादर नेल्सन फलकाव यांची २००९ ची, अशा आवृत्त्या आहेत. घरासाठी पुराण घेणार असाल तर फलकाव यांचीच बघा, कारण तिच्यात आजच्या मराठीत गद्य अर्थ दिलेला आहे. एक काळजी घ्या: दोघांच्या हातात दोन वेगळ्या आवृत्त्या देऊ नका. हस्तलिखितांत पाठभेद आहेत, लंडनच्या देवनागरी प्रतीत तर पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आलेले आहेत. एक वाचतो आणि दुसरा बोट ठेवून पाहतो तेव्हा ओळी जुळत नाहीत आणि तेवढ्यावरून घोळ होतो.

ख्रिस्तायनाबद्दल थोडक्यात. भाषेची अडचण इथे जवळजवळ नाही. विसाव्या शतकातलं मराठी आहे आणि ख्रिस्तचरित्र सलग येतं. उपवासकाळासाठी हा विषय तिघांत सगळ्यात नेमका म्हणावा लागेल. टिळकांच्या हातून सुरुवातीचे दहाएक अध्यायच झाले. १९१९ मध्ये ते गेले आणि पुढचे सुमारे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. पुस्तक निघालं १९३८ मध्ये, तेव्हा त्याही नव्हत्या. रोज दीड-दोन अध्याय घेतले तर वेळेत संपतं. अडतं ते प्रतीपाशी. दुकानात सहज मिळेल असं धरून चालू नका. जुन्या पाळकांच्या घरी, चर्चच्या कपाटात किंवा जुन्या पुस्तकांच्या बाजारात विचारावं लागेल. हाती लागली तर आधी पानं हलक्या हाताने वाकवून पाहा. कोपरा मोडून हातात आला तर ती प्रत रोज उघडायच्या कामाची नाही. आणखी एक, पद्याचे चौऱ्याहत्तर अध्याय एकाच ठेक्यात ऐकताना तिसऱ्या आठवड्यात कान थकतात. चालीवर म्हणणारं कोणी घरात असेल तर मात्र हेच पुस्तक उजवं ठरेल.

आता स्मृतिचित्रे. हे आत्मचरित्र, यात ना ख्रिस्तचरित्र आहे ना उपदेश, म्हणून उपवासकाळाच्या यादीत कित्येक जण ते धरतच नाहीत. कॅथलिक घरांत आणखी एक संकोच असतो, की लेखिका प्रॉटेस्टंट मिशनमधल्या. दोन्ही आक्षेप समजण्यासारखे आहेत. पण मोठ्याने वाचायला बसा, फरक दुसऱ्या पानावर कळतो. वाक्यं बोलण्यातली आहेत, श्वास जिथे संपतो तिथे वाक्यही संपतं. एकेक प्रसंग छोटा आहे. सातवीतलं मूल न अडखळता वाचतं आणि आजीला ऐकताना मध्ये बोलावंसं वाटतं. मोठ्याने वाचताना एका पानाला दोन-सव्वादोन मिनिटं धरली तर पंधरा मिनिटांत सहा-सात पानं होतात आणि सगळा काळ मिळून सुमारे तीनशे. एवढ्यात मुख्य कथा हाती येते.

ती कथाही या काळाला शोभणारी आहे. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांचं घर, आगगाडीतल्या एका सहप्रवाशाने टिळकांच्या हाती ठेवलेला नवा करार, १८९५ मध्ये बायकोला न कळवता टिळकांनी घेतलेला बाप्तिस्मा, नवराबायकोची ताटातूट, लक्ष्मीबाईंच्या मनात जातिभेदाबद्दल चाललेला झगडा, आणि शेवटी १९०० मध्ये त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा. मनपरिवर्तन म्हणजे काय, हे इथे एका बाईच्या स्वयंपाकघरातून कळतं. टिळकांनी बायकोला असं अंधारात ठेवायला हवं होतं का, यावर घरात वाद होतो. होऊ द्यावा. पुराण वाचताना एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं होतं, इथे सगळेच बोलतात. माझा काटा झुकला तो इथे.

अडचणी याही पुस्तकात आहेत. सोवळं, ओवळं, मुकटा, शिवाशिव हे शब्द ख्रिस्ती घरांतल्या मुलांना नवे असतात. पहिल्या दिवशी पाच मिनिटं देऊन ते सांगून टाकावेत, पुन्हा थांबावं लागत नाही. टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत हेही तेव्हाच सांगावं. हे टिळक आपल्याच कोकणातले, जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घेताना प्रत संपूर्ण आहे की संक्षिप्त, ते आतलं पान उघडून बघा. संक्षिप्त प्रतीत प्रसंगांचे सांधे तुटतात आणि मुलं विचारतात त्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही. मूळ पुस्तक १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालं. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतरचा आहे, तो उपवासकाळात नाही झाला तरी चालेल. उरलेला पावसाळ्यात वाचावा.

मग ख्रिस्तपुराण घेऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. ज्याला एकट्याला बसून वाचायचं आहे, किंवा ज्या घरात ज्ञानेश्वरी, एकनाथ वाचलेला कोणी आहे, त्याच्यासाठी यासारखं दुसरं पुस्तक नाही. त्याने रोज वीसच ओव्या घ्याव्यात आणि वर्षभर पुरवाव्यात. घरासाठीही त्याची एक जागा आहे. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, स्मृतिचित्रे बाजूला ठेवा आणि सोमवार ते गुरुवार दुसऱ्या पुराणातल्या दुःखसहनाच्या ओव्या रोज तीस-चाळीस घ्या. ज्याला वाचता येतं त्याने आदल्या रात्री एकदा मनात वाचून ठेवाव्यात. सुरुवातीला गद्य अर्थ एकदाच वाचून दाखवावा, मग ओव्या न थांबता म्हणाव्यात. शब्द अडला तरी पुढे जायचं, कारण प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो आणि अर्थ प्रसंगावरून लागतो. ज्या त्रासाबद्दल वर लिहिलं तो या चार दिवसांत होत नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दोन्ही पुस्तकं मिटून योहानाच्या शुभवर्तमानाचे अठरा आणि एकोणीस हे अध्याय वाचावेत. त्या दिवशीच्या उपासनेत कॅथलिक चर्चमध्येही तेच वाचन असतं, त्यामुळे दुपारी ऐकलेलं रात्री घरी पुन्हा कानावर येतं.

राहता राहिली ठेवणूक. आपल्याकडे जूनपासून हवेत पाणीच असतं. जाडजूड ख्रिस्तपुराण बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर गणपतीपर्यंत पुठ्ठ्यावर बुरशी येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं तर लवकर येते, कारण आतला ओलावा बाहेर पडत नाही. आतल्या भिंतीच्या कपाटात, पुस्तकं एकमेकांना न दाबता उभी ठेवावीत, मागे बोटभर जागा सोडावी, कसरीसाठी कडुलिंबाची वाळलेली पानं सुती कापडात बांधून ठेवावीत, आणि उघडीप मिळेल तेव्हा सावलीत पानं उघडून वारा द्यावा. कडक उन्हात ठेवलं तर पाठीचा डिंक सुकून तडकतो. वाचतानाही जाड पुस्तक जमिनीवर पालथं किंवा सपाट उघडून ठेवू नये. लाकडी स्टँड नसेल तर दोन्ही बाजूंना उशी द्यावी, म्हणजे पुढच्या भस्म बुधवारी पानं सुटलेली निघत नाहीत.