मेंदूविज्ञानातील विशेष विषय : पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका अभ्यासक्रमाविषयी

पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी असलेला, मेंदूविज्ञानातील निवडक विषयांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याला पाठ्यपुस्तक नाही. दर आठवड्याला दोन मूळ शोधनिबंध वाचायचे, एकाने ते मांडायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक आकृतीवर प्रश्न विचारायचे, अशी त्याची रीत आहे.

प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, नवे न्यूरॉन (चेतापेशी) तयार होतात का, या प्रश्नाला दिलेला आठवडा मला सर्वांत मोलाचा वाटला. विभाजित होणाऱ्या पेशींच्या डीएनएत शिरून त्यांची खूण ठेवणारे बीआरडीयू हे रसायन मिळालेल्या कर्करुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीवरून १९९८ मध्ये या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देण्यात आले होते. पुढे २०१८ मध्ये मात्र दोन निबंध काही आठवड्यांच्या अंतराने आले. एका गटाला प्रौढांच्या नमुन्यांत तरुण न्यूरॉन सापडलेच नाहीत, तर दुसऱ्या गटाला ते ७९ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींमध्ये आढळले. तरुण न्यूरॉनमध्ये आढळणारे डबलकॉर्टिन हे प्रथिन दोघांनीही खूण म्हणून वापरले होते. मृत्यूनंतर ऊती किती वेळाने ती टिकवणाऱ्या रसायनात ठेवली आणि त्यात ती किती काळ राहिली, यावर ही खूण दिसणे अवलंबून असते. त्यामुळे ती न दिसणे म्हणजे पेशी नसणे असे होत नाही, आणि केवळ ती दिसली म्हणून पेशी नवीच आहे असेही ठरत नाही, हे आम्ही पद्धतींचा भाग ओळीओळीने वाचताना शिकलो. एरवी हाच भाग मी वगळून पुढे जात असे.

सिनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉनमधील जोडाच्या, दीर्घकालीन बळकटीवरील सत्रही उत्तम झाले. सशांवरील १९७३ च्या प्रयोगापासून सुरुवात करून, एनएमडीए ग्राही या सिनॅप्सवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन कसा अडून बसतो आणि पेशीचे विध्रुवीकरण झाल्यावरच, म्हणजे तिच्या आतला ऋण विद्युतभार कमी झाल्यावरच, तो कसा हटतो, इथपर्यंत शिक्षकांनी आम्हाला नेले. ऑप्टोजेनेटिक्सचे (प्रकाशाने न्यूरॉन चालू-बंद करण्याच्या तंत्राचे) सत्र त्या मानाने वरवरचे होते.

माझी खरी तक्रार संख्याशास्त्राबद्दल आहे. एकाच उंदराच्या वीस पेशी म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत, ही मूलभूत गोष्ट आम्हाला दहाव्या आठवड्यात सांगण्यात आली. तोवर आम्ही अनेक निबंधांचे निष्कर्ष निमूटपणे मान्य करून बसलो होतो. ती पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी होती.

पेशीय मेंदूविज्ञानाचा पाया पक्का असेल आणि आठवड्याला आठ-दहा तास वाचनाला देता येत असतील, तर हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. क्रियाविभवाची (न्यूरॉनमधील विद्युत-संकेताची) आयनिक यंत्रणा अजून धूसर असेल, तर एक सेमिस्टर थांबावे.