सायप्रसच्या भांडणावरचा शांतता-अभ्यासाचा ऑनलाइन कोर्स : रावेरहून रिव्ह्यू

सहा आठवडे, २,४०० रुपये, संस्थेचं नाव लिहीत नाही कारण सर्टिफिकेटचे वेगळे पैसे मागतायत त्यावरून आमचं अजून चालू आहे. लाइव्ह सेशन रात्री नऊला, म्हणजे नेमकी लाइट जायची वेळ, तिसरं सेशन मी गोठ्यात उभं राहून मोबाइलवर ऐकलं.

पण विषय भारी. १९६० ला इंग्रज गेले, १९६३ च्या डिसेंबरात ग्रीक आणि तुर्की सायप्रसवाल्यांत कापाकापी, एका इंग्रज जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली ती ग्रीन लाइन, आणि १९७४ ला तुर्की फौजा उतरल्यापासून मध्ये १८० किलोमीटरचा पट्टा, यूएनचा पहारा. गाल्टुंग नावाचा शांतता-अभ्यासक म्हणतो नुसती हाणामारी थांबली तर ती नकारात्मक शांतता. हे आम्हाला काय शिकवता भाऊ, आबा आणि काकांचं बांधावरून बोलणं बंद होऊन २२ वर्षं झाली, एकदाही हात उचलला नाही, पण लग्नाची पत्रिका जाते ती तिसऱ्याच्या हाती.

खरे पैसे वसूल झाले चौथ्या आठवड्यात. झार्टमन नावाच्या अभ्यासकाचं म्हणणं, दोघांनाही अडून बसणं जड जायला लागलं की मगच तडजोड पिकते. आता आमच्याकडे केळीचा घड हिरवाच कापतात आणि चेंबरमध्ये गॅस सोडून पिकवतात, मला तर २००४ चा अन्नान प्लॅन, म्हणजे दोन्ही भाग पुन्हा एक करायचा यूएनचा आराखडा, दोन्हीकडे मतदानाला टाकलेला, तसाच वाटला, गॅस कसला तर युरोपियन युनियनमध्ये १ मे ला प्रवेश. पण ग्रीक बाजूला तो प्रवेश मिळणारच होता, होकार द्या की नकार, मग त्यांना जड काय जाणार? तुर्की बाजूचे ६५ टक्के हो म्हणाले, ग्रीक बाजूचे ७६ टक्के नाही. घड एकाच बाजूने पिकला.

आणि ते गटारीचं प्रकरण! राजधानी निकोसिया दोन तुकड्यांत, पण सांडपाणी उताराने दक्षिणेकडून उत्तरेकडे, त्याला रेघ बिघ कळत नाही, म्हणून दोन्हीकडच्या महापौरांनी, देमेत्रियादेस आणि अकिंजी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी गुपचूप बसून गटारीचं काम एकत्र करायचं ठरवलं. सरांनी याला पाचच मिनिटं दिली, मी असतो तर पूर्ण सेशन घेतलं असतं. आमच्या वाड्यातही मध्ये भिंत आहे पण मोरी एकच, तुंबली की काका इकडून बांबू घालतात, आबा तिकडून पाणी ओततात, बोलत नाहीत तरी काम होतं.

एक तक्रार. आपले जनरल थिमय्या तिथल्या यूएन फौजेचे कमांडर होते, १९६५ ला तिथेच वारले, कोर्समध्ये एक ओळ नाही. मी चॅटमध्ये टाकलं तर सर ‘गुड पॉइंट’ म्हणाले आणि पुढची स्लाइड.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचा तर घ्या, फक्त सर्टिफिकेटचं आधी लेखी विचारा आणि इन्व्हर्टर चार्ज ठेवा.