वाइल्डरनेस फर्स्ट एडचा कोर्स, आठ महिन्यांनी: कोर्सचं बघू, आधी कात्रीचं बोला

आधी कात्रीचं सांगते, कारण डोकं तिच्यामुळेच फिरलंय. फीमध्येच एक किट मिळतं, त्यात ती वाकड्या तोंडाची ट्रॉमा कात्री (जखमीचे कपडे, पट्ट्या कापायची). जाहिरातीत ती नाणं कापताना दाखवलीये. माझी राजगडावर कॅरीमॅट कापताना मधल्या रिव्हेटमधून उखडली, एक पातं हातात नि दुसरं पद्मावती माचीच्या गवतात. कॅरीमॅट म्हणजे फोम हो, पत्रा नाही.

आता कोर्स, म्हणजे डोंगरात, जंगलात दवाखाना लांब असताना करायचा प्रथमोपचार. मी एमबीबीएसची इंटर्न, मे महिन्यात दोन दिवसांचा, १६ तासांचा बेसिकवाला केला (८० तासांच्या मोठ्याला ना सुट्टी ना पैसे). फी म्हणजे माझा अर्धा स्टायपेंड. परत आले तेव्हा इतकी वैतागले होते की पाचात दोन स्टार देऊन मोकळी झाले. मे महिन्यात मुळशीत घामाने निथळत बसलोय आणि समोर फ्रॉस्टबाइट नि हिमस्खलन चाललंय, तेही अर्धा दिवस! हिमालयात जाणाऱ्यांना कामाचं असेल, पण सर्पदंशाला मिळाला जेमतेम पाऊण तास, आणि स्लाइडवर कोण तर अमेरिकेतला रॅटलस्नेक. आपल्याकडचे नाग, मण्यार, घोणस, फुरसं एकाच ओळीत उरकले. वर क्रेप बँडेज करकचून गुंडाळायचं प्रात्यक्षिक, जी मुळात ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठीची पद्धत. घोणस-फुरशाच्या दंशाला चावलेली जागाच आधी सुजते, सडते, तिथे हे कशाला? आपल्याकडचं साधं आहे, धीर द्या, फ्रॅक्चरसारखा हातपाय स्थिर ठेवा, काही आवळू नका, एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) असेल तिथे लवकर पोचवा. मी विचारलं तर म्हणे लोकल प्रोटोकॉल बघून घ्या. मग आम्ही इथे कशाला आलोय? विंचवाबद्दल तर चकार शब्द नाही, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जे काम केलं ते बाहेरच्या जगालाही माहितीये.

तर दोन स्टार. मग डिसेंबरात राजगड झाला आणि मत बदलावं लागलं, निम्मं तरी.

दुसऱ्या ग्रुपमधल्या एक काकू बालेकिल्ल्यावरून उतरताना पाय मुरगळून बसल्या. कुणीतरी 'डॉक्टर आहे का' म्हणून ओरडलं, मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि खरं सांगते, पहिलं डोक्यात आलं ते 'एक्स-रेला पाठवा'. कॅज्युअल्टीत उभं राहून तेवढंच अंगवळणी पडलंय. पण कोर्समध्ये चिखलात झोपवून, ओरडायला लावून जे दहा-दहा वेळा करून घेतलं होतं ते हातानेच सुरू केलं. बूट सैल, मोजा खाली, बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवर दाबलं की कळवळतायत, चार पावलं काही टाकता येईनात. म्हणजे ओटावा रूलप्रमाणे (घोट्याला एक्स-रे लागेल का ते ठरवायचा नियम) फ्रॅक्चर धरूनच चालायचं. घोटा हलू नये म्हणून मॅटची पट्टी तळव्याखालून दोन्ही बाजूंनी वर घ्यायची, वरून ओढण्या बांधायच्या. आणि इथे कात्रीने राम म्हटलं.

ताकवाल्या मावशी बघत होत्या. लिंबं कापायची सुरी पुढे केली नि म्हणाल्या, "ठिव ती कात्री, तिनं लिंबूबी कापायचं न्हाई." सुरीने मॅट लोण्यासारखी कापली गेली.

मग भांडण. त्यांच्या गाड्या गुंजवणे गावात, काका म्हणतायत चोर दरवाज्यानेच उतरवू. मी म्हटलं उचललेला पेशंट त्या रेलिंगच्या कड्यावरून अजिबात नाही, पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी न्यायचं आणि ड्रायव्हरने गाडी पाली गावाकडे फिरवून आणायची. कोर्सचे पैसे खरे इथे वसूल झाले. पट्टी कुणीही बांधेल, पण पेशंट कुठल्या वाटेने, किती जणांनी, अंधाराआधी किती वेळात, हा विचार आम्हाला साडेचार वर्षांत कुणी करायला लावला नव्हता. पाळीपाळीने उचलत साडेतीन तास लागले, दर पंधरा मिनिटांनी अंगठा दाबून रंग परत येतोय का, बोटं हलतायत का ते बघत, आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत. फिब्युलाचं, म्हणजे पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाचं, खालचं टोक मोडलं होतं.

हॉस्पिटलात ऑर्थोच्या (हाडांच्या विभागातल्या) रेसिडेंट डॉक्टरने ती वही नीट वाचली, त्याबद्दल आभार, पण माझी साडेचारशेची मॅट मात्र एका झटक्यात कापून बादलीत टाकली. सरकारी कात्रीने. आमची ती नाणं कापणारी!

कात्रीबद्दल मेल केला तर उत्तर आलं, ती 'कन्झ्युमेबल' आहे, बदलून मिळत नाही, पण ॲडव्हान्स कोर्सला दहा टक्के सूट देऊ. कात्री कन्झ्युमेबल? खायची आहे का? शेवटी सर्जिकलच्या दुकानातून एकशेचाळीसला घेतली, अजून तरी एकसंध आहे.

आता साडेतीन स्टार. अर्धा फुरशाने खाल्ला आणि एक कात्रीने. सर्टिफिकेट दोन वर्षांत संपतं, परत फी. भरेन बहुतेक, पण किट नको, तेवढे पैसे वजा करून सांगा असा मेल टाकलाय. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.