‘फुल पॉवर अनलॉक’ राऊटर घेताय? आधी मॅक ॲड्रेस बघा

जुन्या राऊटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राऊटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी) ओपनडब्ल्यूआरटी हे दुसरं फर्मवेअर टाकून विकणारे सध्या बरेच आहेत. त्यात वावगं काही नाही. २००४ पासून चालू असलेला हा प्रकल्प खुला आहे, फुकट आहे, आणि कंपनीने अपडेट देणं बंद केलेल्या राऊटरला आणखी काही वर्षं कामाला लावतो. पण त्याचं नाव पुढे करून एकाने मला आणि आमच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना टोपी घातली. त्याची पद्धत सांगतो.

माणूस बोलायला गोड. “दादा, कंपनीवाले पॉवर दाबून ठेवतात. आपण अनलॉक करून देतो, तीन भिंती आरपार!” वर बिलात ‘लाइफटाइम फर्मवेअर लायसन्स’चे ५०० रुपये वेगळे. बसवून द्यायची मजुरी घ्या हो, पण फुकटच्या सॉफ्टवेअरला लायसन्स कसलं?

पॉवर अनलॉक म्हणजे काय, तर सेटिंगमध्ये देश बदलून ३० डीबीएम (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) निवडलेलं. स्क्रीनवर आकडा वाढला म्हणून रेडिओ तेवढी शक्ती बाहेर टाकेलच असं नाही. आणि टाकली तरी मोबाईलचं काय? तो साधारण १५ डीबीएमच्या आसपासच बोलतो. राऊटरचं त्याला ऐकू येतं, त्याचं राऊटरपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे नेमकं हेच. कांड्या पूर्ण, व्हिडिओ गोल गोल फिरतोय, आणि वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड तर शेजारच्या खोलीतही नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर: “भिंती जाड असतील.”

काकूंचीही हीच रड. मोबाईलवर वाय-फाय ॲनालायझर उघडलं, तर त्यांच्या आणि माझ्या नेटवर्कचा मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक उपकरणाचा वेगळा असायला हवा तो ओळख क्रमांक, एकच! चॅनलही एकच. राऊटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर मात्र दोघांचे वेगवेगळे.

मग दोन्ही डबे उघडले. राऊटरचं सॉफ्टवेअर जिच्यात साठवतात त्या आठ पायांच्या फ्लॅश चिपभोवती दोन्हीकडे डाख देताना वापरतात त्या फ्लक्सचा पिवळट, चिकट डाग. म्हणजे पठ्ठ्याने नुसतं फर्मवेअर टाकलं नव्हतं. एका चालू राऊटरची अख्खी चिप कॉपी करून ती जशीच्या तशी बाकीच्यांवर छापली होती. आमच्या राऊटरच्या चिपवर ‘आर्ट’ नावाचा एक छोटा भाग असतो. त्यात मॅक ॲड्रेस असतो आणि कारखान्यात त्या एका नगासाठी मोजून केलेली रेडिओची जुळणी, म्हणजे कॅलिब्रेशन, असतं. साधं फर्मवेअर बदलताना त्याला हात लागत नाही. अख्खी चिप छापली की तो पुसला जातो आणि रेडिओला दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लागतो.

एकच मॅक असण्याचा त्रास आणखी वेगळा. माझ्या मोबाईलने पाठवलेलं पॅकेट माझ्या राऊटरला मिळालं नाही, तरी काकूंचा राऊटर आपलंच समजून पोच देतो. मोबाईलला वाटतं काम झालं. डेटा गेला हवेत. शिवाय कॉपीबरोबर ॲडमिनचा पासवर्डही सगळीकडे तोच गेलेला. तो विकणाऱ्याला पाठ असणारच.

तेव्हा असा राऊटर घेताना पैसे द्यायच्या आधी तो चालू करायला लावा. स्टिकरवरचा मॅक स्क्रीनवरच्याशी ताडून बघा. शेवटच्या एखाद्या आकड्याचा फरक चालतो, कारण दोन्ही बँडना वेगळे पत्ते असतात. ‘आर्ट’चा मूळ बॅकअप मागा. राऊटरची वाय-फाय चिप ब्रॉडकॉम कंपनीची असेल तर सरळ नको म्हणा, ओपनडब्ल्यूआरटीवर तिच्या वाय-फायचा आधार तोकडाच आहे.

आमच्या विक्रेत्याने ‘आर्ट’ हा शब्द ऐकल्यावर फोन उचलणं बंद केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयची पावती आणि दोन्ही स्टिकरचे फोटो जोडून. मॅक सेटिंगमधून बदलता आला, त्यामुळे काकूंशी टक्कर थांबली. कॅलिब्रेशन काही परत येत नाही. नेटवर मिळते ती फाइलही दुसऱ्याच नगाची. माझ्या राऊटरचे दोन्ही रेडिओ बंद करून टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या केबलींसाठी तो स्विच म्हणून लावलाय.