कार्बनची झडप बसवून अकरा महिने: माझा अनुभव

गौरी-गणपती उरकले आणि माझा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, बदलला. (चिपळुणातला प्रत्येकजण अजूनही "बायपास कशी झाली?" असंच विचारतो. बायपास नव्हे हो!) लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातच झडप आखडत गेली. वय 44, म्हणून डॉक्टरांनी जनावराच्या ऊतीची न बसवता यांत्रिक सुचवली. ऊतीची काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागते.

नमुना त्यांनी हातात दिला होता. काळीभोर, गुळगुळीत कडी आणि आत दोन अर्धगोल पाकळ्या. नखाने हलकेच ढकललं तर लगेच उघडल्या. हा पायरोलिटिक कार्बन, सिरॅमिकच्याच घराण्यातला. मुळात अणुभट्टीच्या इंधनकणांवर लेप द्यायला केलेला, तापलेल्या भट्टीत वायूचं विघटन करून ग्रॅफाइटवर त्याचा थर चढवतात. मी विचारलं, "कपबशीसारखा तडकणार नाही ना?" ते म्हणाले, याची खरी कमाई म्हणजे झीज नगण्य, आणि रक्तही त्यावर तुलनेने कमी गोठतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेनेही देशी झडप घडवताना आतली उघडझाप करणारी चकती कृत्रिम नीलमाची करून पाहिली होती. ती टिकेना, म्हणून शेवटी प्लास्टिकची घेतली. ती झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात बसली.

आवाज येतो. रात्री पंखा बंद असला की टिक, टिक. तोंड उघडलं की जास्तच. पहिला महिना झोप नाही, आता थांबला तर दचकेन. दिवसाला लाखभर ठोके धरले तर तीन कोटींच्या वर उघडझाप झाली, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाकळ्या ठणठणीत.

कुरकुर आहे ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल. कमी झालं तरी झडपेवर रक्त गोठू शकतंच, म्हणून ती जन्मभर. माझा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप; आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ) 2.5 ते 3.5 मध्ये हवा. मार्चमध्ये औषधवाल्याने 2 मिलिग्रॅमऐवजी 4 ची पट्टी दिली, मीही न बघता घेत राहिले. पाचव्या दिवशी दात घासताना बेसिन लाल. आयएनआर 5.8! तेव्हापासून पट्टीवरचा आकडा चष्मा लावून वाचते.

उलट आषाढात टाकळ्याची भाजी आठ दिवस हाणली, तर आयएनआर 1.9, कारण पालेभाजीने गोळीचा जोर उतरतो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, सोडू नका, पण रोज सारखीच खा." आता पालेभाजीला एक वाटी ठरलेली आहे, स्टीलची, छोटी.